बेकरी शोधताय? आधी चहावाला गाठा

मराठवाड्यात फिरताना मोबाइलवर शोधत बसू नका, भाऊ. बायपास सोडून जुन्या पेठेत शिरा अन् चहावाल्याला विचारा, ‘खारी कोणाकडून घेता?’ त्याच भट्टीवर जा. खारी बोटानं दाबून बघा: पापुद्रे सुटले तर घ्या, डालड्याचा खवट वास आला तर पुढं चला. नानखटाईला वरून चिरा अन् तळाला फिकट तांबूस रंग पाहिजे.

संभाजीनगरात हळदीच्या पिवळ्या रंगाची नान गरम असतानाच घ्या, नंतर चिवट होते. नांदेडकडं हैदराबादी उस्मानिया बिस्किटं विचारा; 1948 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, चवीवरून कळतंच. गोड-खारट, चहात बुडवायला एक नंबर. क्रीमची पेस्ट्री मात्र मे महिन्यात गाडीत नकोच. अन् खारीचा पुडा डिक्कीत बॅगांखाली टाकू नका, चुरा होतो.