बाविसाव्या दिवशी काय काढायचं?

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले एकवीस फोटो दोनदा पाहिले. रोज एक फोटो काढायचं ठरवलं खरं, पण बाविसाव्या दिवशी हात थांबला, कारण ‘माझ्या दिवसात काही घडतच नाही’, असं तू लिहिलं आहेस. ते वाचून मला बरं वाटलं. पहिले तीन आठवडे आपण सगळेच सुंदर गोष्टींच्या मागे असतो. तुझ्याकडेही पाच सूर्यास्त आहेत, चार फुलं आहेत, ढग आहेत. तो साठा संपला की मगच आपलं घर दिसायला लागतं. खरं काम आता सुरू होतंय.

त्या एकवीसमधला सगळ्यात चांगला फोटो तेराव्या दिवसाचा. ‘घाईत काढलाय, सांभाळून घ्या’ असं तू त्याखाली लिहिलंस. दोरीवरचे कपडे, भरून आलेलं आभाळ आणि घाईने चिमटे काढणारा एक हात. माणूस दिसत नाही, नुसता हात. त्याच फोटोपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळले.

मी नुकतीच सुरुवात केली होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी काही सुचेना म्हणून दारातल्या चपलांचा फोटो काढला. पाच जोड होते. बाबांच्या चपलेचा अंगठा शिवलेला, दोरा वेगळ्याच रंगाचा. आईची जोडी भिंतीला टेकवून नीट ठेवलेली. भावाच्या बुटांच्या टाचा चेपलेल्या, कारण तो नाडी कधी सोडायचाच नाही, पाय तसाच आत घुसवायचा. दिवस वाया गेला असं वाटलं होतं मला. आज त्या दारात दोनच जोड असतात. समारंभांचे फोटो आमच्याकडे ढिगाने आहेत, सगळे ठेवणीतले कपडे घालून कॅमेऱ्याकडे बघताहेत. पण भाऊ बूट कसे घालायचा, ते फक्त त्या एका फोटोत आहे.

बुटांवरून आठवलं. १८३८ मध्ये लुई दागेर या फ्रेंच संशोधकाने, फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळात, पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचा फोटो वरच्या खिडकीतून काढला. तेव्हा पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची, म्हणून धावत्या गाड्या आणि चालती माणसं त्यात आलीच नाहीत. रस्ता ओसाड दिसतो. एका कोपऱ्यात मात्र बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस उमटला, कारण तो तेवढा वेळ एका जागी उभा होता. माणूस दिसतो असा सगळ्यात जुना फोटो म्हणून तो ओळखला जातो. आपला फोटो निघतोय याचा त्या माणसाला पत्ताही नसणार. मला हे फार आवडतं.

दिवसाला फोटो एकच ठेव. चाळीस काढून त्यातला एक निवडायचा म्हटलं की रात्री निवडीचा कंटाळा येतो आणि आठवड्याभरात सगळं सुटतं. जेमी लिव्हिंग्स्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने ३१ मार्च १९७९ ला विद्यार्थी असताना रोज एक पोलरॉइड, म्हणजे काढल्याबरोबर छापून हातात येणारा फोटो, काढायला सुरुवात केली. २५ ऑक्टोबर १९९७ ला, आपल्या एक्केचाळिसाव्या वाढदिवशी, तो कर्करोगाने गेला. तोपर्यंत हा नेम चालू होता. सहा हजारांहून जास्त फोटो झाले. त्यात मित्र आहेत, जेवणं आहेत, शेवटी आजारपणही आहे. सुटा एकेक फोटो पाहिलास तर साधाच वाटेल. ओळीने पाहायला लागलं की मात्र उठवत नाही.

बाकी तंत्राचं थोडंच सांगते. फ्लॅश बंद ठेव, खिडकीचा उजेड बाजूने येऊ दे. फोनच्या पडद्यावर ज्या वस्तूचा फोटो हवा तिथे बोट दाबून धरलंस की फोकस आणि उजेड तिथे पक्का होतो, मग उजेड जरासा कमी कर. फोटोसाठी खोली आवरू नकोस, पसारा राहू दे. माणसांना मात्र विचारून काढ, घरच्यांनासुद्धा. कोणी रडत असेल तर फोन खिशातच राहू दे, त्या दिवशी नुसती खुर्ची काढलीस तरी चालेल.

आणि प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिही. फोटोत जे दिसत नाही ते लिही: हात कोणाचा, आतून कोण हाक मारत होतं, वास कसला येत होता. तारीख हातानेही लिहून ठेव. मेसेजमधून इकडेतिकडे पाठवलेल्या फोटोची मूळ तारीख बहुतेक वेळा निघून जाते, फोटोही बारीक होऊन येतो. म्हणून मूळ फाइल दोन ठिकाणी ठेव. फोन हरवला की काय होतं ते मी भोगलंय, माझे सात महिने तसेच गेले.

बाविसाव्यापासून आजपर्यंतचे दिवस रिकामेच राहू देत. जुने फोटो शोधून ते भरत बसू नकोस. तेव्हा मन लागत नव्हतं, हीही त्या दिवसांची नोंदच आहे.

एक विचारायचं राहिलं. तेराव्या फोटोतला हात कोणाचा? आजचा फोटो काढशील तेव्हा त्यासोबत कळव.

तुझी,
ताई