मेक्सिकोतला 'आनिवेर्सारिओ' हा जगातला सर्वांत जुना वार्षिक कुस्ती-शो आहे म्हणतात. त्याचा इतिहास काय? आणि निकाल आधीच ठरलेला असतो, तर लोक इतकी वर्षं बघायला का जातात?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही तोच पडला होता.

2016 साली कंपनीच्या कामासाठी काही महिने मेक्सिको सिटीत होतो. ऑफिसातला एक मित्र शुक्रवारी रात्री आरेना मेहिकोला, म्हणजे तिथल्या कुस्तीच्या मोठ्या प्रेक्षागृहात, घेऊन गेला. बाहेर फुटपाथवर मुखवट्यांचे स्टॉल. भाच्यासाठी घासाघीस करून एक निळा मुखवटा घेतला, 'ब्लू पँथर' नावाच्या पैलवानाचा. आत गेल्यावर निवेदकानं ब्लू पँथरचं नाव पुकारलं आणि उघड्या चेहऱ्याचा, पन्नाशी उलटलेला माणूस रिंगकडे चालत आला. मी विचारलं, "अरे, याचा मुखवटा कुठंय?" मित्र म्हणाला, "गेला. 2008 च्या आनिवेर्सारिओला." गावाकडची जमीन गेल्याचं सांगताना माणसाचा आवाज जसा होतो, तसा त्याचा झाला होता.

हो, निकाल ठरलेलाच असतो. आपल्याकडच्या भाषेत नुरा कुस्ती. पण पैजेच्या कुस्तीत मुखवटा जातो तो खरोखर जातो. हरणारा रिंगमध्येच मुखवट्याची मागची नाडी सोडतो, चेहरा दाखवतो, खरं नाव सांगतो, आणि तो मुखवटा त्याला पुन्हा घालता येत नाही. ज्या चेहऱ्यावर वीस-तीस वर्षं धंदा केला तोच गेला. ज्याला मुखवटा नाही तो केस पणाला लावतो. हरला की तिथल्या तिथे हजामत. केस परत येतात, मुखवटा येत नाही. म्हणून खरी किंमत मुखवट्याची. आणि अशा पैजा लावण्याचं सर्वांत मोठं ठिकाण म्हणजे हा सप्टेंबरचा शो.

आता इतिहास. साल्वादोर लुतेरोथ हा सीमेवरच्या सिउदाद ह्वारेसमध्ये सरकारी करखात्यात नोकरीला होता. 1929 च्या सुमारास नदीपलीकडे, टेक्सासमधल्या एल पासोला, त्यानं व्यावसायिक कुस्ती बघितली आणि ते खूळ डोक्यात बसलं. 21 सप्टेंबर 1933 ला त्यानं मेक्सिको सिटीतल्या आरेना मोदेलो या जुन्या बॉक्सिंग हॉलमध्ये आपल्या कंपनीचा पहिला कार्यक्रम लावला. कंपनीचं नाव 'एम्प्रेसा मेहिकाना दे लुचा लिब्रे'. पुढच्या सप्टेंबरात वर्षपूर्तीचा खेळ केला. तो पहिला आनिवेर्सारिओ. 2023 ला नव्वदावा झाला. तुलनेसाठी सांगतो: डब्ल्यूडब्ल्यूईचा पहिला रेसलमेनिया 1985 चा. लहानपणी पत्त्यांवर ज्यांच्या उंची-वजनावरून आपण भांडायचो, त्या मंडळींच्या कंपनीचा सगळ्यात मोठा शो जन्मला तेव्हा आनिवेर्सारिओची पन्नाशी होऊन गेली होती. (पन्नासावा 1983 ला, सांग्रे चिकाना आणि एमएस-1 यांची केसांची पैज. एमएस-1 चे केस गेले.)

गंमत म्हणजे मुखवटा सुरुवातीला नव्हताच. 1934 मध्ये एका अमेरिकन पैलवानाला मुखवटा घालून लढायचं होतं. त्यानं आंतोनियो मार्तिनेस नावाच्या कारागिराला गाठलं, आणि हा मार्तिनेस मुळात बूट शिवणारा! डोक्याची मापं घेऊन त्यानं मुखवटा शिवला. पुढे मुखवटे शिवणं हाच त्याच्या घराचा धंदा झाला. मुखवट्याला मागे नाडी असते, त्यात मला तरी अजून तो बूटच दिसतो.

जागाही वाढत गेली. 1943 ला आरेना कोलिसेओ आलं. आतून उतरत्या गोल बांधणीमुळे लोक त्याला 'नरसाळं' म्हणतात. तेही पुरेना, म्हणून 27 एप्रिल 1956 ला, जुन्या मोदेलोच्याच जागेवर, सोळा हजारांवर माणूस मावेल असं आरेना मेहिको उघडलं. त्या वर्षीच्या आनिवेर्सारिओला सांतोनं एल ग्लादियादोरचा मुखवटा काढला. सांतो म्हणजे रुपेरी मुखवट्याचा तो दंतकथा झालेला पैलवान. त्यानं कारकिर्दीत स्वतःचा मुखवटा कधीच गमावला नाही. 1984 च्या जानेवारीत टीव्हीवर क्षणभर अर्धामुर्धा चेहरा दाखवला, फेब्रुवारीत वारला, आणि मुखवट्यासकट पुरला गेला.

मधल्या काळातला सगळ्यात गाजलेला शो 1990 चा. रायो दे हालिस्को ज्युनियर विरुद्ध सिएन कारास. सिएन कारास म्हणजे 'शंभर चेहरे'. हरला आणि त्याचा एकच चेहरा उरला. यापेक्षा चांगलं नाव कुणाला सुचलं नसतं. त्यानंतर दोनच वर्षांत आंतोनियो पेन्या या आतल्याच माणसानं बाहेर पडून 'एएए' ही स्वतःची कुस्ती-कंपनी काढली आणि बरेच तरुण पैलवान सोबत नेले. लुतेरोथच्या कंपनीचं नाव तोवर बदलून 'सीएमएलएल' झालं होतं. अनेकांना वाटलं, म्हातारी कंपनी आता बसणार. बसली नाही. 1997 ला सांतोच्या मुलानं, म्हणजे एल इहो देल सांतोनं, नेग्रो कासासचे केस उतरवले. तिकडच्या जुन्या लोकांना या दोघांबद्दल विचारून बघा, तासभर सुटका नाही.

2008 चा पंचाहत्तरावा. व्हियानो पाचवा जिंकला, ब्लू पँथर हरला. पँथर मोठमोठे फेकाफेकीचे डाव करणारा नव्हे. जमिनीवरच्या पकडींचा उस्ताद, आपल्या तालमीतल्या जुन्या वस्तादांना आवडला असता असा. त्याचे चाहते प्रेक्षागृहात रडले. त्यानं मात्र उघड्या चेहऱ्यानं लढणं चालू ठेवलं, म्हणून तर मला 2016 ला दिसला. मुखवटा आता त्याची मुलं घालतात.

2013 ला कंपनीनं लोकांना चक्क फसवलं असं माझं मत आहे. चौघांची जोडीची कुस्ती. हरलेल्या जोडीतल्या दोघांनी मग एकमेकांविरुद्ध मुखवट्यासाठी लढायचं. सगळ्यांना वाटत होतं, एका जोडीतले आतलांतिस आणि उल्तिमो गेरेरो हरावेत आणि एकमेकांशी लढावेत, कारण त्यांचं वैर किती वर्षं शिजत होतं. ते दोघं जिंकून बाजूला झाले आणि ला सोम्ब्रानं व्होलादोर ज्युनियरचा मुखवटा नेला. लोक भडकले. पुढच्या वर्षी, 2014 ला, ती कुस्ती अखेर लावली. आतलांतिस जिंकला, उल्तिमो गेरेरो उघडा पडला. 2015 ला आतलांतिसनं ला सोम्ब्राचाही मुखवटा काढला. हा सोम्ब्रा म्हणजेच डब्ल्यूडब्ल्यूईत नंतर दिसलेला आंद्रादे, त्याला तुम्ही टीव्हीवर पाहिलंही असेल.

2020 ला कोविडमुळे शो रिकाम्या प्रेक्षागृहात झाला, लोकांनी पैसे भरून ऑनलाइन बघितला. मी पुण्यात बसून बघितला आणि अर्ध्यातच बंद केला. मागच्या रांगेतून शिव्या देणारी आजीबाई नसेल तर त्यात मजा नाही. आरेना मेहिकोत अशी एक तरी असतेच, आणि ती हमखास 'रुदो'च्या, म्हणजे रांगड्या, दुष्ट पैलवानाच्या बाजूची असते.

2022 ला आतलांतिसच्या मुलानं स्तुका ज्युनियरचा मुखवटा जिंकला. म्हणजे आता पुढची पिढी.

बघायचंच असेल तर 2014 ची कुस्ती पूर्ण बघा, पण 2008 ची निदान शेवटची पाच मिनिटं तरी. डाव नाही कळला तरी चालेल. पँथरचे हात डोक्यामागे नाडीकडे जातात तिथपासून बघा.