दोन एकर कोरडवाहू, सेंद्रिय कर्ब 0.38 : खताचा हिशेब कसा बसवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मराठवाड्यात दोन एकर मध्यम काळी जमीन. एका एकरात सोयाबीन-तूर, दुसऱ्यात सोयाबीन आणि विहिरीला पाणी राहिलं तर हरभरा. घरी बैलजोडी आणि एक गाय. माती परीक्षणाच्या अहवालात सामू (पीएच) 8.2, सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के, नत्र 165, स्फुरद 10.5, पालाश 430, गंधक 8, जस्त 0.42, लोह 3.2. दुकानदार म्हणतो एकरी दोन बॅगा 10:26:26 टाका. भावकीतले म्हणतात रासायनिक सगळं बंद करा, जीवामृतावर (शेण-गोमूत्राच्या द्रावणावर) या. ऐकायचं कुणाचं?

दोघांचंही पूर्ण ऐकू नका. आधी अहवालच नीट वाचा. त्यातले नत्र, स्फुरद, पालाशाचे आकडे किलो प्रति हेक्टर असतात, एकराचे नव्हेत. बरेच जण इथेच घसरतात आणि हेक्टरची मात्रा एकरात ओततात. हेक्टरी शिफारशीला अडीचने भागा की एकराची मिळते. गंधक, जस्त, लोह पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) असतात. गंधक 10च्या खाली, जस्त 0.6च्या खाली, लोह 4.5च्या खाली म्हणजे कमतरता. तुमच्याकडे तिन्ही कमी. स्फुरद 14च्या आत म्हणजे कमी. पालाश मात्र 430, म्हणजे भरपूर. बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीत हे नेहमीचंच. सामू 8.2 बघून कुणी जिप्सम गळ्यात मारायला आला तर घेऊ नका. जिप्सम चोपण जमिनीसाठी असतं, जिथे सामू 8.5च्या वर आणि सोडियम साचलेलं असतं.

आता दुकानदाराच्या दोन बॅगा मोजा. 100 किलो 10:26:26 मध्ये नत्र 10, स्फुरद 26, पालाश 26 किलो, आणि गंधक शून्य. म्हणजे जे जमिनीत पडून आहे त्याचे पैसे द्यायचे आणि जे कमी आहे ते मिळायचंच नाही.

सोयाबीनला मराठवाड्यात हेक्टरी 30:60:30 (नत्र:स्फुरद:पालाश, किलो) आणि 20 किलो गंधक धरतात. एकरी झाले 12:24:12 आणि 8 किलो गंधक. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के स्फुरद आणि 11 टक्के गंधक असतं. तीन बॅगा, म्हणजे 150 किलो टाकले की 24 किलो स्फुरद आणि साडेसोळा किलो गंधक, दोन्ही एका फटक्यात. नत्रासाठी 26 किलो युरिया. पोटॅश (पालाशाचं खत) यंदा टाकू नका, तीन वर्षांनी पुन्हा तपासून ठरवा. डीएपी सोयीचं वाटतं, पण त्यात गंधक नाही, आणि तेलबियाच्या पिकाला तेच सोडून कसं चालेल? हरभऱ्याला मात्र एकरी एक बॅग डीएपी चालेल, गंधक खरिपाच्या सुपरमधून उरलेलं असतं.

नत्र 165, म्हणजे कमी दिसतंय म्हणून युरिया वाढवू नका. सोयाबीनच्या मुळांना आयतं नत्र मिळालं की हवेतलं नत्र पकडणाऱ्या गाठी धरत नाहीत. जो काही युरिया द्यायचा तो पेरणीलाच, आणि बियाण्यात मिसळून नव्हे. दोन चाड्यांची पाभर (बी आणि खत वेगवेगळं सोडणारं पेरणीचं अवजार) वापरा, खत बियाण्याच्या दोन बोटं खाली आणि बाजूला पडलं पाहिजे. एकाच चाड्यातून बी आणि खत सोडलं की उगवण मारते, रायझोबियमही (गाठी करणारं जिवाणू खत) मरतं. या सामूच्या जमिनीत वर फेकलेल्या युरियातला बराच नत्र अमोनिया होऊन हवेत जातो, ते वेगळंच.

रायझोबियम सोयाबीनचंच घ्या, हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम, तेवढंच स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत. बुरशीनाशक आधी चोळा, ते वाळू द्या, जिवाणू सगळ्यात शेवटी, आणि सावलीत सुकवून लगेच पेरा. पीक 35-40 दिवसांचं झालं की चार-पाच ठिकाणी झाड उपटू नका, खुरप्याने मातीसकट खणून काढा. उपटलं तर गाठी मातीतच तुटून राहतात आणि आपण म्हणतो गाठी नाहीत. गाठ नखाने फोडा. आत लालसर-गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसती शोभेची.

"सोयाबीनने जमीन सुधारते" हे अर्धंच खरं आहे. एकरी आठ क्विंटल दाण्यात साधारण 50 किलो नत्र, 10 किलो स्फुरद, 16 किलो पालाश शेताबाहेर जातं. नत्राचा निम्म्याहून थोडा जास्त भाग हवेतून आलेला असतो, बाकी मातीतून. वरून भुसकट पेटवलं तर जमिनीला तोटाच. जाळल्यावर त्यातला कर्ब, नत्र आणि बराचसा गंधक धुराबरोबर जातो, राखेत मुख्यतः पालाश उरतं. तेच तुमच्याकडे आधीच भरपूर आहे.

आता गोठा, कारण सगळ्यात मोठी गळती तिथे आहे. जनावराच्या मुत्रात 0.8 ते 1 टक्का नत्र असतं. तीन जनावरांचं रात्री गोठ्यात पडणारं मूत्र रोज दहा लिटर धरलं तरी वर्षाला 29-30 किलो नत्र होतं. युरियाच्या 45 किलोच्या बॅगेत 20.7 किलो नत्र असतं, म्हणजे जवळपास दीड बॅग जमिनीत मुरून किंवा नालीतून वाहून जाते. उपाय फुकटचा आहे. जनावरांखाली तीन-चार इंच कोरडी माती आणि त्यावर सोयाबीनचं भुसकट, कडब्याचं चघळ पसरा. आठ दिवसांनी भिजलेला थर उचलून खड्ड्यात टाका, नवा पसरा. शेण उघड्या उकिरड्यावर फेकू नका. सावलीतला खड्डा, शेणाच्या दर थरावर बोटभर माती, वर कुडाचं किंवा पाचटाचं झाकण.

मग हे खत शेतात नेण्याची वेळ. चैत्र-वैशाखात छोटे ढीग घालून पहिल्या पावसापर्यंत तसेच ठेवायची पद्धत सगळीकडे आहे. त्यात दीड-दोन महिने नत्र उडतं, आणि ढिगाखालचीच माती तेवढी काळी होते, पुढे पीक तिथेच गर्द आणि बाकी शेत फिकं दिसतं. खत मृगाच्या तोंडावर न्या, ज्या दिवशी नेलं त्याच दिवशी पसरा आणि वखराची एक पाळी देऊन मिसळा.

तुमच्याकडे नीट सांभाळलं तर वर्षाला चार टन कुजलेलं खत निघेल. दोन्ही एकरांत पातळ फासण्यापेक्षा आलटून पालटून दरवर्षी एका एकरात सगळं टाकावं असं माझं मत आहे. चार टनांत साधारण 20 किलो नत्र आणि 8 किलो स्फुरद असतं, पण पहिल्या हंगामात नत्राचा चौथा हिस्साच पिकाला मिळतो, बाकी पुढे. त्यामुळे त्या एकरात युरिया 26 ऐवजी 15 किलो करा, सुपर तीनच बॅगा. ज्या एकरात शेणखत नाही तिथे सुपर अर्धी बॅग वाढवा.

दोन एकरांतून दीड-दोन टन भुसकट निघतं. त्यातलं गोठ्यात अंथरायचं सोडून बाकीचं कुजवा. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी यासाठी चांगली: 10 फूट लांब, 6 रुंद, 3 उंच, नऊ इंची भिंत, हवेसाठी विटांमध्ये झरोके. लागतं 1400-1500 किलो काडीकचरा (भुसकट पुरलं नाही तर पालापाचोळा, धसकटं चालतात), 100 किलो शेण, 1750 किलो चाळलेली कोरडी माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी. थर असा: सहा इंच कचरा, त्यावर चार किलो शेण 125-150 लिटर पाण्यात कालवून शिंपडायचं, वर 50-60 किलो माती. टाकी एक-दोन दिवसांत भरून शेणमातीने लिंपा. जमेल तशी महिनाभर भरत बसलं की खालचं कुजतं, वरचं तसंच राहतं, आणि आत उष्णता धरत नाही. लिंपण तडकलं की लगेच बुजवा, झरोक्यांतून पाणी शिंपडून ओल टिकवा. साडेतीन-चार महिन्यांत तीन टनांच्या आसपास खत मिळतं.

टाकीचा खर्च नको असेल तर साधा ढीग करा, टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर, 1 किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन, आणि महिन्याने एक पालट. युरिया यासाठी की भुसकटात कर्ब जास्त, नत्र कमी, कुजवणारे जिवाणू नत्र कुठूनतरी ओढणारच. कच्चंच जमिनीत गाडलं तर ते पिकाचं ओढतात आणि रोपं पिवळी पडतात. तुराट्या मात्र ढिगात घालू नका, वर्षभर तशाच राहतात.

जस्तासाठी एकरी 10 किलो झिंक सल्फेट, दोन-तीन वर्षांतून एकदा. सुपर किंवा डीएपीत मिसळू नका, स्फुरदाशी बांधलं जाऊन दोन्ही अडकतात. 100 किलो शेणखतात मिसळून आठवडाभर ओलसर ठेवा आणि मग पसरा. लोहाचं मातीतून देणं चुनखडीच्या जमिनीत फारसं टिकत नाही. झड लागली आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसल्या की लोहाची कमतरता समजा, नत्राची नव्हे. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. त्या वेळी युरियाची मूठ टाकून काही होत नाही. पंधरा लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 35-40 ग्रॅम चुन्याची गाळलेली निवळी, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा. हिराकस घेताना पुडा उघडून बघा: हिरवे खडे हवेत. तपकिरी भुकटी झाली असेल तर लोह आधीच गंजलं, पिकाला मिळणार नाही.

जीवामृताबद्दल. दोनशे लिटरमध्ये दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो बेसन, दोन किलो गूळ. यात नत्र मोजलं तर फार तर 200 ग्रॅम भरतं. जिवाणूंसाठी वापरायचं तर वापरा, मी अडवणार नाही. पण 50 किलो नत्र नेणाऱ्या पिकाचं खत म्हणून त्यावर विसंबू नका. स्फुरद, गंधक, जस्त तर त्यातून येतच नाही म्हणा.

पुढचा नमुना तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, खत टाकण्याआधी घ्या. प्रत्येक एकराचा वेगळा. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा सहा ते आठ इंचांचा खड्डा, त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारखी चकती. बांध, झाडाखालची जागा, जुना उकिरडा सोडून. गॅल्व्हनाइज्ड बादलीत माती मिसळू नका, तिच्यावरचा जस्ताचा मुलामा नमुन्यात उतरतो. प्लास्टिकचं टोपलं घ्या, चार भाग करत करत अर्धा किलोवर आणा, सावलीत वाळवा. यंदाचा नमुना पेरणीनंतर किंवा खत दिल्यावर काढलेला असेल तर मात्र तिसऱ्या वर्षीची वाट न बघता याच उन्हाळ्यात पुन्हा काढा.