काळे कपडे आणि चोवीस गाणी

प्रश्न: दादा, पंक रॉकवाले मिळून चॅरिटीसाठी अल्बम काढतात, त्या पैशाचं पुढे खरंच काही होतं का?

उत्तर: होतं रे! अमेरिकन पंक गायक हेन्री रोलिन्सचा 2002 चा ‘राइज अबव्ह’ अल्बम घे. अमेरिकेत आर्कान्सामधल्या वेस्ट मेम्फिस गावात 1993 मध्ये आठ-आठ वर्षांच्या तीन मुलांचा खून झाला आणि तिथल्याच तीन टीनएजर पोरांना दोषी ठरवलं, एकाला मृत्युदंड, दोघांना जन्मठेप. काळे कपडे घालतो, मेटॅलिका हा हेवी मेटल बँड ऐकतो, हेसुद्धा कोर्टात त्यांच्याविरुद्ध वापरलं! कॉलेजात मीपण रोज काळा टीशर्टच घालायचो, त्यामुळे हे वाचलं की अजून पोटात गोळा येतो.

तर रोलिन्सनं काय केलं, त्याच्या जुन्या ब्लॅक फ्लॅग बँडची 24 गाणी परत रेकॉर्ड केली, वाजवायला स्वतःचाच बँड आणि गायला इगी पॉप, मोटरहेडचा लेमी, स्लेयरचा टॉम अराया, पब्लिक एनिमीचा चक डी असली एकेक मंडळी. रॅपर आइस-टीनं ‘पोलीस स्टोरी’ गायलंय, ते आधी ऐक, हेडफोन लावून. पैसे त्या तिघांची केस लढायला दिले, आणि 2003 मध्ये त्यासाठी टूरपण केली.

पुढे डीएनए टेस्ट झाल्या, घटनास्थळी तिघांचा डीएनए सापडलाच नाही. शेवटी ऑगस्ट 2011 मध्ये सुटले, 18 वर्षांनी. पण निर्दोष सुटका नाही हं, आम्ही काही केलं नाही असं म्हणत म्हणतच कागदावर गुन्हा कबूल करावा लागला. मला ते आजही पटत नाही.