पाय न टेकता चिखलातून: बाइक ट्रायल्सवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मोटरसायकल ट्रायल्सबद्दल थोडं लिहिलं होतं त्यावर बरीच पत्रं आली, आणि बहुतेकांना विचारायचंय ते पाऊस आणि चिखलाबद्दलच. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो, ट्रायल म्हणजे रेस नाही. दगड, ओढा, झाडांची मुळं, चढ अशा जागी छोटे छोटे सेक्शन आखलेले असतात, उजव्या हाताला लाल खूण आणि डाव्या हाताला निळी, त्यांच्या मधून पाय जमिनीला न लावता गाडी बाहेर काढायची. पाय एकदा टेकला की १ पॉइंट, दोनदा टेकला की २, तीनदा किंवा त्याहून कितीही वेळा टेकला तरी ३, आणि पडलात किंवा खुणेबाहेर गेलात की थेट ५. नॉन-स्टॉप नियम असेल तर गाडी थांबली तरी ५च. शेवटी ज्याचे पॉइंट सगळ्यात कमी तो पहिला.

प्रश्न: दादा, मी मूळचा नाशिकचा, सध्या शेफिल्डला नोकरी करतो. मे महिन्यात सेकंडहँड ट्रायल्स बाइक घेतली आणि क्लबच्या नवशिक्यांच्या क्लासमध्ये उतरायला लागलो, उन्हाळ्यात बरं जमत होतं. पण नोव्हेंबरपासून नुसता चिखल आहे, जिथे तिथे चाक जागेवर फिरतं, पॉइंट तिपटीने वाढलेत आणि परवा तर शेवटून पहिला आलो. एप्रिलपर्यंत थांबू का? की गाडीत काही बदल करू? (शेफिल्ड, इंग्लंड)

थांबू नका, प्लीज. इंग्लंडमध्ये क्लबच्या ट्रायल्स वर्षभर चालतात आणि त्यातला बराच काळ जमीन ओलीच असते, मग अर्धा सीझन घरी बसून कोरड्या दगडांची वाट बघण्यात काय अर्थ आहे? आणि पॉइंटचं म्हणाल तर साधारण १० सेक्शन आणि ४ लॅप (म्हणजे तेच सेक्शन चार फेऱ्यांत) असं धरलं तर सगळीकडे ५ घेतले तर २०० होतात, पावसात सगळ्यांचेच आकडे वर जातात, म्हणून स्वतःच्या जूनमधल्या स्कोअरशी तुलना करू नका, त्याच दिवशी तुमच्याच क्लासमध्ये जो पहिला आला त्याच्याशी करा.

आता मुख्य गोष्ट. चिखलात सेक्शन अर्धा तुम्ही चालत असतानाच जिंकलेला किंवा हरलेला असतो, हे मी मनापासून सांगतोय. गाडी बाजूला लावा आणि पूर्ण सेक्शन चालून बघा, नुसतं वरवर नाही, बूट दाबून बघा खाली काय आहे ते. पातळ चिखल आणि खाली दगड असेल तर टायर तो चिखल कापून दगडाला लागतो आणि ग्रिप मिळते, पण खालपर्यंत चिकणमाती असेल तर तिथे काही केलं तरी चाक फिरणार, मग त्या जागेच्या आधीच गाडीला थोडा वेग हवा म्हणजे ती वाहत पलीकडे जाईल. ओढ्यातून जाणारी लाइन बघून लोक घाबरतात, पण पाण्याखालची धुतलेली खडी बऱ्याचदा काठावरच्या तुडवलेल्या मातीपेक्षा चांगली पकड देते, अडचण येते ती ओढ्यातून बाहेर चढताना, कारण तोपर्यंत टायर ओला आणि काठ आधीच्या पन्नास जणांनी गुळगुळीत केलेला असतो. तुमच्याकडे शेफिल्डच्या आजूबाजूला ग्रिटस्टोन आहे, तो खरखरीत दगड ओला असला तरी धरून ठेवतो, पण तिथून थोडं दक्षिणेला डर्बीशायरच्या चुनखडीवर गेलात की तोच पाऊस पडलेला असतो आणि दगड साबण लावलेल्या फरशीसारखा असतो. दगड कुठला आहे ते आधी बघायची सवय लावा.

आणखी एक, लाइन दर लॅपला बदलते. पहिल्या लॅपला वरचा पाला आणि निसरडा थर असतो, नंतर कुठे तो निघून खालचा कडक भाग उघडा पडतो आणि सोपं होतं, कुठे उलट खोल चर पडतात. म्हणून दुसऱ्या लॅपलाही दोन मिनिटं थांबून पुढचे दोघं तिघं कसे जातात ते बघा, फक्त तुमच्या पातळीचे रायडर बघा, एक्सपर्ट जी लाइन घेतो ती तुमच्यासाठी नसते.

टायरबद्दल. ट्रायल्सचा टायर मोटोक्रॉससारखा मोठ्या ठोकळ्यांचा नसतो, तसा टायर इथे चालतच नाही, आपला म्हणजे छोटे चौकोनी ठोकळे दाट बसवलेला मऊ टायर. त्या ठोकळ्यांच्या मधल्या फटी चिखलाने भरल्या की गुळगुळीत चाकच राहतं. मग सेक्शनमध्ये शिरायच्या आधी, रांगेतून जरा बाजूला, मागे कोणी उभं नाही हे बघून, पुढचा ब्रेक धरून चाक क्षणभर जोरात फिरवा म्हणजे माती उडून जाते, ते नाही जमलं तर काठीने किंवा ब्रशने साफ करा. बुटाचे तळवेसुद्धा फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) घासून घ्या, ओला चिखल लागलेला बूट पेगवरून सटकला की पाय आपोआप जमिनीवर जातो आणि एक पॉइंट उगाच जातो. हवा मागे साधारण ४ पीएसआय, पुढे ५ ते ६, बहुतेक जण याच्या आसपास ठेवतात, चांगला कमी दाबाचा गेज घ्या कारण कारचा गेज इतकं कमी नीट दाखवतच नाही.

गाडीत फार बदल नकोत. हँडलजवळ इंजिन मॅपचं (इंजिन किती झटक्याने ओढेल ते बदलणारं) बटन असेल तर ओल्यासाठीचा मऊ मॅप लावा. तुम्ही सुकं असताना पहिल्या गिअरमध्ये जे करत होता ते चिखलात दुसऱ्यात करून बघा, इंजिन हळू फिरतं, झटका बसत नाही आणि चाक माती धरून ठेवतं. थ्रॉटल आधी थोडा उघडून ठेवायचा आणि क्लच एका बोटाने हळूहळू सोडायचा, उलटं नाही. चढावर गुडघे वाकवून वजन थोडं मागे राहू द्या, मागच्या चाकावर भार नसेल तर ते फिरणारच. आडव्या मुळांवर शक्यतो काटकोनात जा आणि मागचं चाक मुळावर येतं त्या क्षणी थ्रॉटल सोडा, ब्रेक तर अजिबात नको. तिरक्या उतारावर गाडी डोंगराकडे झुकवायची आणि तुमचं वजन उताराच्या बाजूच्या पेगवर द्यायचं, सुरुवातीला शरीर याला तयारच होत नाही कारण मन म्हणतं डोंगराकडे झुक, पण तसं केलं की टायर खाली घसरतो.

आणि जे मला वाटतं नवीन लोक सगळ्यात जास्त गमावतात ते म्हणजे ३ आणि ५ मधले दोन पॉइंट. पाय दुसऱ्यांदा टेकला आणि गाडी अजून अडकलेलीच आहे, तर आता सफाईचा विचार सोडा, दोन्ही पाय खाली घ्या आणि बदाबदा ढकलत बाहेर पडा, कारण तिसऱ्या डॅबनंतर (डॅब म्हणजे पाय टेकणं) कितीही पाय टेकले तरी ३च. नॉन-स्टॉप असेल तर गाडी हलती ठेवायची एवढंच. लोक लाजतात, सगळे बघतायत म्हणून पाय वर ठेवायचा प्रयत्न करत राहतात आणि मग आडवे पडून ५ घेतात. चाळीस सेक्शनमध्ये पंधरा ठिकाणी जरी ५ चे ३ केलेत तर ३० पॉइंट वाचले, शेवटून पहिले तर नक्कीच राहणार नाही.

वेळ मिळाला तर ऑक्टोबरमध्ये यॉर्कशायरला स्वेलडेलमध्ये स्कॉट ट्रायल बघायला जा. १९१४ पासूनची स्पर्धा आहे, स्कॉट मोटरसायकल कंपनीच्या लोकांसाठी अल्फ्रेड स्कॉटने सुरू केलेली, आणि तिथे सेक्शनच्या पॉइंटबरोबर वेळेचेही पॉइंट मोजतात, म्हणजे दलदलीच्या माळावरून पळवत न्यायचं आणि लगेच सेक्शनमध्ये शांतपणे शिरायचं. चिखलात चांगला रायडर किती कमी हालचाल करतो ते एकदा समोर उभं राहून बघाच.

प्रश्न: सर, माझ्याकडे २०१९ ची बुलेट ट्रायल्स ३५० आहे. नावातच ट्रायल्स आहे तर पावसाळ्यात चिखलात ट्रायल्सची प्रॅक्टिस तिच्यावर करता येईल का? मित्र म्हणतात हवा कमी कर म्हणजे जमेल. (सातारा)

नाव उगाच दिलेलं नाही हो. बुलेटचं आजचं घराणं चिखलातूनच आलंय. १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या कोलमोर कप ट्रायलमध्ये रॉयल एनफिल्डने नवीन बुलेटचे प्रोटोटाइप उतरवले आणि त्यांना मागे स्विंगआर्म सस्पेन्शन होतं, जेव्हा बाकीचे ट्रायल्सवाले मागे स्प्रिंगच नसलेल्या कडक फ्रेमवर जात होते आणि स्प्रिंगने पकड जाते असं मानत होते. उलट झालं, चाक जमिनीला जास्त चिकटून राहिलं. पुढे जॉनी ब्रिटनने बुलेटवरच १९५२ आणि १९५७ ला स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली, स्कॉटलंडच्या डोंगरात सहा दिवस चालणारी ही स्पर्धा, जिचं ट्रायल्सच्या जगात खूप मोठं नाव आहे. आणि १९५५ ला मद्रासला बुलेट बनायला लागली ती याच घराण्यातली. मला हे वाचताना दर वेळी अभिमान वाटतो, आपल्या गावोगावी दूधवाल्यापासून फौजदारापर्यंत सगळ्यांनी चालवलेली गाडी मुळात अशी आहे.

पण तुमची गाडी पावणेदोनशे किलोच्या वर आहे आणि आजची ट्रायल्स बाइक सत्तर किलोच्या आसपास. हा फरक १९६५ लाच कळला, सॅमी मिलरने बुलताको या स्पॅनिश कंपनीच्या हलक्या टू-स्ट्रोकवर स्कॉटिश जिंकली आणि जड फोर-स्ट्रोकचा जमाना संपत गेला. तेव्हा तुमच्या गाडीवर खडे चढ आणि मोठे दगड नको, पायावर पडली तर एकट्याला उचलणार नाही. बाकी सपाट ओल्या शेतात, स्वतःच्या किंवा विचारून घेतलेल्या, चार काठ्या रोवून त्यांच्यामधून चालण्याच्या वेगाने पाय न टेकता आठचा आकडा काढायचा सराव करा, क्लच, थ्रॉटल आणि तोल यांचं सगळं शिक्षण त्यातच आहे. काळ्या रानात मात्र पहिल्या पावसानंतर नेऊ नका, ती माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी बसते की चाकच फिरायचं बंद होतं, मुरमाड जागा बघा.

हवेबद्दल मित्रांचं ऐकू नका. वर मी जे ४ पीएसआय म्हटलं ते ट्यूबलेस मागच्या टायरच्या हलक्या गाडीसाठी आहे. तुमच्या गाडीत ट्यूब आहे, इतकी हवा काढली तर टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो, शिवाय घरी जाताना रस्त्यावर त्या हवेवर चालवणं धोक्याचं. आणि एक कळकळीची विनंती, कासच्या बाजूच्या किंवा कुठल्याही सड्यावर (खडकाळ पठारावर) पावसाळ्यात गाडी घालू नका. तो मातीचा पातळ थर आणि त्यातली फुलं एका चाकाखाली जातात, परत यायला किती वर्षं लागतात त्यांना.

प्रश्न: माझा मुलगा लीड्सला असतो, दर रविवारी पावसात या ट्रायल्सला जातो आणि चिखलाने माखलेले फोटो पाठवतो. मला फार काळजी वाटते. हे किती धोक्याचं आहे? (पुणे)

ताई, काळजी समजू शकतो. पण वेग ऐकलात तर जरा बरं वाटेल, सेक्शनमध्ये गाडी माणूस चालतो त्याच वेगाने जाते. लागतं ते बहुतेक नडगीला, घोट्याला, मनगटाला, म्हणून चांगले बूट आणि नडगीचं पॅड आहे का ते विचारा. हेल्मेट असतंच. मनगटाला बांधलेली एक दोरी असते, माणूस गाडीपासून वेगळा झाला की ती निघून इंजिन बंद होतं, ती तो प्रॅक्टिसलाही बांधतो का हे विचारा, तिथे मुलं टाळाटाळ करतात.

खरा त्रास थंडीचा. सेक्शनमध्ये घाम येतो आणि मग रांगेत भिजलेल्या कपड्यात अर्धा तास उभं राहायचं, बोटं बधिर झाली की क्लच नीट धरता येत नाही आणि तेव्हाच पडतात. ग्लोव्हजचे दोन तीन जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत, आतून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर (सुती बनियन नको, भिजला की अंगाला गार चिकटतो), थर्मासमध्ये गरम चहा आणि काहीतरी खायला. तुम्ही पाठवलेले डिंकाचे किंवा दाण्याचे लाडू याला उत्तम, खिशात राहतात आणि चिखलाच्या हातानेही कागदासकट खाता येतात.

आणि तुम्ही कधी तिकडे गेलात तर त्याच्याबरोबर जाऊन एका सेक्शनला ऑब्झर्व्हर म्हणून बसा. हे लोक पाच पाच तास पावसात खुर्ची टाकून, हातात कार्ड घेऊन प्रत्येकाचे डॅब मोजतात, बिनपैशाने, आणि क्लबला ते नेहमी कमी पडतात. भाषा फार लागत नाही, नियम सकाळी समजावून देतात. मुलगा काय करतो ते एका दिवसात कळेल, आणि संपताना प्रत्येक रायडर तुमच्याजवळ येऊन थँक्यू म्हणून जाईल. (रायडर मंडळींनो, जे म्हणत नसाल त्यांनी म्हणायला लागा, आणि ऑब्झर्व्हरने ३ दिले तर ३, तिथे वाद घालू नका.)

प्रश्न: चिखलातून आल्यावर गाडी जेट वॉशने धुतली तर चालते का? दोन महिन्यांत चाकाचे बेअरिंग गेले. (डर्बी, इंग्लंड)

त्यामुळेच गेले असणार. जेटचं पाणी सीलच्या आत ग्रीस धुवून काढतं. चिखल ओला असतानाच साध्या पाइपने आणि मऊ ब्रशने धुवा, जेट वापरायचाच असेल तर लांबून, आणि चाकाचा मध्य, स्टिअरिंग हेड, स्विंगआर्म आणि सस्पेन्शनच्या लिंकेजवर कधीच थेट मारू नका. धुवायच्या आधी एअरबॉक्सचं तोंड आणि सायलेन्सर बंद करा. नंतर गाडी पाच मिनिटं चालू ठेवून ब्रेक दाबत फिरवा म्हणजे डिस्क सुकेल, चेनला तेल द्या, एअर फिल्टर काढून बघा, ओला असेल तर धुवून पूर्ण वाळवून फिल्टर ऑइल लावूनच बसवा. ब्रेक पॅड हिवाळ्यात दर ट्रायलनंतर बघा, चिखलातली वाळू ते इतके लवकर खाते की एका लांब ओल्या दिवसात नवीन पॅड अर्धे होऊ शकतात. लिंकेज दोन तीन महिन्यांतून एकदा उघडून ग्रीस भरा. आणि हे सगळं रविवारी संध्याकाळीच, सोमवारपर्यंत चिखल वाळला की दुप्पट वेळ जातो.