गाळात दुष्काळ सापडतो का?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. यंदा मे महिन्यात गावच्या पाझर तलावातला गाळ ट्रॅक्टरनं आणून रानात टाकला. जेसीबीनं खड्डा घेतला तेव्हा कडेला काळ्या-करड्या पट्ट्या दिसल्या. वडील 1972 ला याच तलावाच्या कामावर होते. ते म्हणतात, तो दुष्काळ यातच कुठंतरी असणार. खरं का? आणि दामाजीपंतांच्या वेळचा दुष्काळ असा गाळावरून कळेल का?
— एक शेतकरी वाचक, मंगळवेढा तालुका

उत्तर : वडील त्या कामावर होते, म्हणजे निम्मं उत्तर तुमच्या घरातच आहे. तुमचा तलाव त्या दुष्काळातच जन्मला. सुकडी खाऊन माणसांनी बांध घातला, पुढं पाऊस पडला आणि पहिला गाळ बसला. म्हणून 1972 पट्ट्यांमध्ये शोधू नका, ते सगळ्यांत खालच्या पट्टीच्याही खाली आहे. मऊ गाळ संपून जुनी जमीन लागते ती रेघ म्हणजे दुष्काळी कामाचा काळ. अशी तारखेची रेघ हाती यावी म्हणून अभ्यासकांना फार खटपट करावी लागते. तुम्हाला ती वडिलांनी दिली.

वरच्या पट्ट्यांबद्दल मात्र सांभाळून बोलावं लागेल. जाड पट्टी म्हणजे चांगलं पाऊसमान, असं नसतं. आपल्याकडं एका रात्रीच्या मुसळधार पावसानं नांगरलेलं रान वाहून येतं, वीतभर गाळ बसतो, आणि बाकीचं वर्ष कोरडं जातं.

दुसरी अडचण मी डोळ्यांनी पाहिली आहे. भूशास्त्र शिकवत होते तेव्हा सोलापूरजवळच्या एका आटलेल्या तलावात विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. तीन इंची पीव्हीसी पाइप हातोड्यानं गाळात ठोकला, बाहेर काढून करवतीनं उभा कापला. आत गुळगुळीत काळा गाळ, आणि हातभर खाली शाम्पूच्या पुडीचा तुकडा! वरून पाहिलं तर भेग होती, माझा हात कोपरापर्यंत आत गेला. काळी माती वाळली की भेगाळते, वरचा पालापाचोळा, धूळ, परागकण सगळं खाली जातं. पाऊस आला की माती फुगते आणि भेग मिटते. तलाव ज्या वर्षी आटतो, नेमकं तेच वर्ष असं कालवलं जातं. म्हणजे आपल्या भागात दुष्काळ आपली नोंद आपणच पुसतो. तो पाइप मी अजून ठेवला आहे.

म्हणून जुनं पाऊसमान शोधायचं तर शक्यतो न आटणारं, बाहेर वाट नसलेलं पाणी हवं. महाराष्ट्रात तसं ठिकाण म्हणजे बुलढाण्याचं लोणार. उल्कापातानं बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या कातळात, पडलेला सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा, त्यात खारं पाणी. झरे आणि ओढे आत येतात, बाहेर एकही नदी जात नाही. पाऊस कमी झाला की पाणी नुसतं उडत राहतं आणि उरलेलं अधिक खारट होतं. आमटी आटवली की खारट होते ना, तसंच. तिथल्या तळाच्या सुमारे 10 मीटर गाळात जवळपास 11,000 वर्षांचा काळ साठलेला आहे. त्यात ठरावीक थरांमध्ये गेलुसाइट नावाचे स्फटिक सापडले, सोडियम आणि कॅल्शियमच्या कार्बोनेटचे. पाणी फार खारट झाल्याशिवाय ते तयार होत नाहीत. ते थर दोन दीर्घ कोरड्या काळांचे निघाले : एक सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा, दुसरा 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचा. गाळातल्या सेंद्रिय अवशेषांतल्या कार्बन-14 वरून, म्हणजे ठरावीक वेगानं घटत जाणाऱ्या कार्बनवरून, त्यांचं वय काढतात.

आता दामाजीपंत. मंगळवेढ्याचं कोठार रयतेला खुलं केलं तो दुष्काळ पंधराव्या शतकातला. लोणारचा हिशेब करून पाहा. 10 मीटरला 11,000 वर्षं, म्हणजे एका सेंटिमीटरला 11 वर्षं. दोन-तीन वर्षांचा दुष्काळ, त्यात कितीही माणसं मेली असली, तरी बोटाच्या नखाएवढ्या गाळात विरून जातो. त्यासाठी गुहांमधले चुन्याचे स्तंभ अधिक बारकाईनं बोलतात. छत्तीसगडमधल्या दंडक गुहेतल्या अशा स्तंभावरून चौदाव्या-पंधराव्या शतकात मान्सून वारंवार कमजोर पडल्याचं दिसतं. दामाजीपंतांचा काळ त्याच सुमाराचा. पण हेच ते साल, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढाल तेव्हा माझी एक विनंती ऐका. सगळ्यांत खोल, उशिरा आटणाऱ्या जागी चार-पाच फुटांचा चौकोन न उकरता सोडा. शेजारच्या खड्ड्याच्या उभ्या कडेला टेप लावून फोटो काढा. शंख-शिंपले दिसले तर कितव्या इंचावर आहेत ते लिहून ठेवा. आणि वडिलांना आजच विचारा : बांध घातला तेव्हा आतल्या बाजूला तळाला काय होतं, मुरूम की काळी? ते कळलं नाही तर जुनी जमीन कुठून सुरू होते तेच तुम्हाला खड्ड्यात ओळखता येणार नाही.