मार्चमध्ये रत्नागिरी शहरात दोन दिवस काय पाहावं, काय करावं? की थेट मालवण गाठावं?

तुम्ही लिहिलंय की होळीच्या सुट्टीला जोडून दोन दिवस मोकळे आहेत, बायको-मुलं बरोबर आहेत, गणपतीपुळे आधीच झालंय, आणि "शहरात काही नसेल तर तिथे जेवून पुढे सुटू". ते "जेवून पुढे सुटू" वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो.

मी रत्नागिरीचा. जन्म, शाळा, कॉलेज सगळं तिथलं. पोटापाण्यासाठी ठाण्यात असतो, पण शिमग्याला गावी नाही असं होत नाही. स्कूबा, पॅरासेलिंग, पाण्यातल्या स्कूटरी हेच हवं असेल तर खुशाल मालवणजवळच्या तारकर्लीला जा, माझं काही म्हणणं नाही. पण रत्नागिरीत बघायला काही नाही हे मात्र मी ऐकून घेणार नाही. कारण तेच वाक्य आमचे साडू कित्येक वर्षं मला ऐकवत आलेत. लग्न असो, मुंज असो, बारसं असो, पंगतीत शेजारी बसले की सुरू: "तुमच्या रत्नागिरीत आहे काय हो? एक रिकामा राजवाडा!"

साडू पुण्याचे. एका होळीला सहकुटुंब आमच्याकडे आले होते. येताना त्यांनी घरूनच एक तक्ता करून आणलेला, प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं लिहिलेली. थिबा राजवाड्याला वीस मिनिटं दिली होती, पैकी निम्मी वाचवून बाहेर आले. "अहो, आत धड खुर्चीसुद्धा नाही."

मी तिथल्या पायऱ्यांवरच त्यांना सगळं सांगितलं. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजा-राणीला बैलगाडीत घालून नदीवरच्या बोटीवर चढवलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. रत्नागिरीच का, तर इथे रेल्वे नाही, घाट उतरून यायचं म्हणजे दिव्य, आणि पावसाळ्यात समुद्रही बंद. माणूस लोकांच्या विस्मरणात जावा असं वाटलं की इंग्रजांना आमचं गाव सुचायचं. पुढे सावरकरांनाही १९२४ ते १९३७ इथेच स्थानबद्ध ठेवलं. तर हा थिबा आधी बरीच वर्षं बंगल्यांत राहिला. राजवाडा त्याच्यासाठी बांधला आणि १९१० मध्ये तो तिथे राहायला गेला. १९१६ मध्ये वारला. म्हणजे तीस वर्षांच्या कैदेतली जेमतेम सहा वर्षं त्या वाड्यात गेली. राणी सुपयालत १९१९ मध्ये परत ब्रह्मदेशात गेली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीत येऊन राहिली, गरिबीत दिवस काढले आणि १९४७ मध्ये इथेच गेली. तिची मुलगी रत्नागिरीकरांत मराठी बोलत म्हातारी झाली. राज्य गेलेल्या माणसाचं घर आहे ते, भरलेलं कुठून असणार?

आणि ज्या काळात थिबा त्या गच्चीवरून भाट्याची खाडी बघत बसायचा, त्याच काळात आमच्या टिळक आळीत जन्मलेले लोकमान्य कुठे होते? मंडालेच्या तुरुंगात, १९०८ ते १९१४. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर फार जुळवून आणलंय म्हणून आपणच नाक मुरडलं असतं.

साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण बघायला काय आहे?"

मग टिळकांचं जन्मस्थान. कौलारू घर, अंगण, शांतता. साडूंचा शेरा: "जुनं घर आहे." दुपारी मोदक खायला गणपतीपुळे. तिथे ते खूश होते, कारण तिथे रांग होती आणि पार्किंगला जागा नव्हती. म्हणजे नक्कीच बघण्यासारखं असणार.

खरी गोष्ट संध्याकाळची. आरे-वारेच्या रस्त्याने परत येऊन शहरात शिरलो आणि झाडगावच्या अलीकडे गाडी अडकली. पुढे भैरीबुवाची पालखी. श्री देव भैरी हे रत्नागिरीचं ग्रामदैवत, देऊळ खालच्या आळीत. शिमग्यात देव देवळात बसून राहत नाही, तो गावात फिरतो, झाडगावच्या सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या जागेवर, येऊन बसतो, लोकांच्या दारात जातो. एरवी आपण देवाकडे जायचं, आणि हे थोडे दिवस देवाने आपल्याकडे यायचं, असा हिशेब आहे. म्हणून मुंबईचा चाकरमानी गणपतीला जसा येतो तसाच शिमग्यालाही येतो. रेल्वेचं आरक्षण का मिळत नाही, त्याचंही कारण हेच.

ढोल-ताशे, गुलाल, आणि मधोमध पालखी नाचत होती. नाचवणं म्हणजे नुसतं हलवणं नव्हे. पुढचा आणि मागचा, दोघांच्या खांद्यावर पालखी, आणि ताशाची लय वाढली की ती खाली-वर, गोल, पार जमिनीला टेकेल असं वाटेपर्यंत जाते आणि पुन्हा उसळते. दमलेला खांदा काढतो, बाजूचा घालतो, पण पालखी थांबत नाही. माझी बायको आणि मेहुणी एव्हाना गाडीतून उतरल्या होत्या. मुलं त्यांच्या मागोमाग. साडू गाडीत, काचा वर, एसी चालू. एका पोराने काचेवर टकटक केलं, "काका, या ना, घ्या पालखी खांद्यावर!" साडूंनी आतूनच कमरेकडे बोट दाखवलं.

आणि मग साडूंनी हॉर्न वाजवला.

हो, पालखीला. ढोलाच्या आवाजात तो माझ्याशिवाय कुणाच्या कानावर गेला नाही, पण माझ्या कानातून तो अजून गेलेला नाही.

इकडे मेहुणीने कोपऱ्यावरच्या दुकानातून खण-नारळ घेऊन ओटी भरली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं: पुण्यासून पाहुणी आलीय, तिने ओटी भरलीय, ती मान्य करून तिच्या घरादाराला, पोराबाळांना सुखी ठेव रे महाराजा. भोवतालच्या सगळ्यांनी एका आवाजात "होय महाराजा!" म्हटलं. म्हणजे त्या गाऱ्हाण्यात साडूही आले, काचा वर करून बसलेले असताना. मेहुणी गाडीत बसली तेव्हा केसांत गुलाल आणि डोळे भरलेले. म्हणाली, "अख्ख्या दिवसात मला एवढंच आवडलं." साडूंनी तक्त्यात लिहिलं: ट्रॅफिक, एक तास वाया.

तेव्हापासून आमचा वाद आहे. त्यांचं म्हणणं, गाव म्हणजे ठिकाणं आणि ती बघून होतात. माझं म्हणणं, असं कुठलंच गाव बघून होत नाही, आणि हॉर्न वाजवणाऱ्याचं तर नाहीच.

तर तुमच्याबद्दल. तुम्ही होळीलाच जाताय हे तुमचं नशीब. एक संध्याकाळ पालखीसाठी मोकळी ठेवा, त्या संध्याकाळी दुसरं काहीही ठरवू नका. कुठल्या दिवशी पालखी कुठे, हे तिथल्या रिक्षावाल्याला विचारा. कुठल्याही वेबसाइटपेक्षा त्याला नीट माहीत असतं. गाडी लांब लावा, चपला काढा, आणि कुणी बोलावलं तर खांदा द्या. गावोगाव नमन-खेळे, म्हणजे शिमग्यातली सोंगं आणि लोकनाट्य, चालू असतात, त्यातल्या संकासुराच्या सोंगाला बघून लहान मुलं आधी घाबरतात आणि मग त्याच्या मागे धावतात. आसपासच्या खेड्यांत पालख्यांच्या तारखा वेगवेगळ्या असतात. काही ठिकाणी तेरसे शिमगा, म्हणजे पौर्णिमेच्या आधीच होळी.

सकाळी लवकर मिरकरवाड्याला जा. मासळी उतरते, लिलाव होतात, ओरडा होतो, वास येतो. वास सहन होत नसेल तर समुद्रकाठच्या गावी का आलात हा प्रश्न मी विचारणार नाही, पण मनात येईल. तिथूनच वर रत्नदुर्ग. ऊन चढायच्या आत भगवतीचं दर्शन घ्या, मग दीपगृहाच्या बाजूला जा. तिन्ही बाजूंनी समुद्र, खाली बंदरातल्या होड्या. या टेकाडाच्या एका अंगाला मांडवीचा काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. काळी वाळू घाणीने काळी झालेली नाही, तिच्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट आहे. मुलांच्या हातात साधं लोहचुंबक द्या, संध्याकाळ कशी गेली कळणार नाही. साडूंच्या मुलाने ते केलं होतं आणि चुंबकाला मिशा फुटल्यासारखं दिसत होतं.

दुपारी झोपा. मार्चमधलं आमचं ऊन तापमानाच्या आकड्यात दिसत नाही, ते घामात दिसतं. मुलं झोपत नसतील तर झाडगावचं मत्स्यालय आहे, तिथे देवमाशाचा सांगाडा आहे. त्यापुढे मोबाइल विसरतात.

पतितपावन मंदिर चुकवू नका. १९३१ साली, भागोजीशेठ कीरांच्या पैशाने, सावरकरांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं, सगळ्या जातींना खुलं असलेलं देऊळ. सावरकरांबद्दल तुमचं मत काहीही असो. त्या काळी एका लहान गावात ते करून दाखवणं सोपं नव्हतं. देखावा म्हणाल तर फार नाही. साडूंना इथे चार मिनिटं लागली.

भाट्याला पुलापलीकडे सुरूचं बन आणि लांबलचक किनारा आहे, सूर्यास्त तिथूनही चांगला दिसतो आणि थिबा पॉइंटवरूनही. दोन्हीकडे धावू नका, एकीकडे बसा.

दुसऱ्या दिवशी गाडी असेल तर उक्षीचा हत्ती बघून या. कातळशिल्प आहे, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, खोदलेलं. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. मार्चमध्ये सडा कोरडा असतो, गवत वाळलेलं असतं, रेषा स्पष्ट दिसतात. पण नऊच्या आत पोचा, कातळावर सावली नावाची वस्तू नाही. शिल्पावर पाय देऊन फोटो काढणाऱ्यांना मी काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही.

पावस गावाच्या पुढे गावखडीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपतात. याच सुमाराला पिल्लं बाहेर पडतात, पण ती आपल्या सवडीने येतात, तुमच्या सुट्टीच्या नाही. आदल्या दिवशी चौकशी करून मगच जा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. रत्नागिरी स्टेशन शहरात नाही, बाहेर कुवारबावला आहे, तिथून रिक्षा करावी लागते. सोमवारी राजवाड्यातलं संग्रहालय बंद असतं. आरे-वारेला आणि गणपतीपुळ्याला समुद्रात खोल जाऊ नका. तिथलं पाणी दिसतं तसं नाही, आणि दर वर्षी बाहेरगावचं कुणीतरी ते ऐकत नाही. पालखीची गर्दी आणि ढोल लहान बाळाला किंवा हृदयाच्या रुग्णाला झेपेलच असं नाही, त्यांना घेऊन कडेला उभे राहा. आणि हेही मान्य करतो की साडूंसारखी माणसं असतात, त्यांना ठिकाणं मोजायलाच आवडतं आणि त्यात गुन्हा काही नाही. तुम्ही तसे असाल तर शहर एका सकाळीत होईल. हॉटेल कुठलं बरं, ते मला सांगता येणार नाही. मी घरी उतरतो.

जेवणाचं: या दिवसांत ओल्या काजूगरांची उसळ आणि फणसाच्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी मागा. घरगुती खाणावळीत मिळते, मोठ्या हॉटेलात विचारलंत तर पनीर आणून ठेवतील. हापूससाठी आलात तर जरा घाई केलीत. मार्चमध्ये जो पहिला आंबा निघतो तो बहुतेक वाशीच्या बाजारात जातो आणि त्याचा भाव ऐकून तुम्ही कैरीवर समाधान मानाल. हायवेला "अस्सल रत्नागिरी" म्हणून पेटी दिसली तर ती कुठून आली हे विचारण्यात अर्थ नाही, उत्तर ठरलेलं असतं. त्यात पुष्कळदा कर्नाटकचा आंबा निघतो. पेटी हवी असेल तर एखाद्या बागायतदाराचा नंबर घेऊन ठेवा आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्याला फोन करा.